जनुकाचा पत्ता कसा शोधतात, कसा वाचतात

गेल्या अंकात फिलाडेल्फिया गुणसूत्राची माहिती दिली होती. ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, ९ वरचं एबीएल१ हे जनुक २२ वरच्या बीसीआरला जाऊन चिकटतं आणि त्यातून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग सुरू होतो, असा तो विषय. त्यावर आलेले बरेचसे प्रश्न फिरून एकाच जागी येत होते: जनुकाचा पत्ता छापलेला दिसतो, पण तो कशाने मोजला हे कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून या वेळी फक्त त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: आईच्या तपासणी अहवालात ‘बीआरसीए१, १७ क्यू २१.३१’ असं लिहिलंय. हे एकवीस म्हणजे काय? आणि हे जनुक आईत सापडलं म्हणजे तिला कर्करोग होणारच का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण काळजी त्याचीच आहे. बीआरसीए१ हे जनुक प्रत्येक माणसात असतं, तुमच्यातही आहे. डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. धोका वाढतो तो या जनुकात विशिष्ट बिघाड असेल तर. ‘१७ क्यू २१.३१’ ही फक्त जनुकाची जागा झाली, ती सगळ्यांची सारखीच. बिघाड सापडला असेल तर तो अहवालात वेगळ्या ओळीत असतो. ती ओळ ‘सी.’ किंवा ‘पी.’ने सुरू होते आणि शेजारी त्या बदलाचं वर्गीकरण दिलेलं असतं: रोगकारक, निरुपद्रवी किंवा अर्थ अनिश्चित. तीच ओळ घेऊन जनुकीय समुपदेशकांना भेटा. त्या ओळीतला ‘पी.’ म्हणजे प्रथिन. पत्त्यात येणाऱ्या ‘पी’शी त्याचा काहीही संबंध नाही, इथे पुष्कळांची गल्लत होते.

आता पत्ता. १७ हा गुणसूत्राचा क्रमांक. गुणसूत्र एके ठिकाणी आवळलेलं असतं, तो गुणसूत्रबिंदू. त्याच्या एका बाजूची आखूड भुजा ‘पी’, दुसऱ्या बाजूची लांब भुजा ‘क्यू’. पुढचे आकडे मात्र एकवीस असे वाचायचे नाहीत, ‘दोन-एक’ असे वाचायचे: दुसरा विभाग, त्यातला पहिला पट्टा. टिंबानंतर ‘तीन-एक’, म्हणजे तिसरा उपपट्टा आणि त्याचा पहिला भाग. मोजणी नेहमी बिंदूपासून टोकाकडे. म्हणून १७ च्या लांब भुजेवर क्यू ११ हा पट्टा बिंदूला लागून आहे आणि क्यू २५ अगदी टोकाला. ही पद्धत १९७१ च्या पॅरिस परिषदेत ठरली आणि किरकोळ भर घालून आजही तीच चालते.

गुणसूत्रांना क्रमांक दिले ते आकाराच्या उतरत्या क्रमाने, पण त्यात एक चूक राहून गेली. २१ हे २२ पेक्षा लहान आहे: एक सुमारे ४.७ कोटी बेसचं (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), दुसरं ५.१ कोटींचं. चूक लक्षात आली तोवर डाउन सिंड्रोमशी २१ हा आकडा पक्का जोडला गेला होता, म्हणून तो बदलला नाही.

पट्ट्याचा पत्ता किती बारीक असतो तेही पाहा. रंगवलेल्या गुणसूत्रांच्या चांगल्या तयारीत सगळे मिळून साधारण ५५० पट्टे दिसतात. मानवी जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, ३१० कोटी बेसचा, म्हणजे एका पट्ट्याच्या वाट्याला सरासरी ५६ लाख बेस. बीआरसीए१ची लांबी साधारण ८१ हजार. अशी जवळजवळ सत्तर जनुकं एका पट्ट्यात ओळीने मावतील. जुन्या लेखांत एचईआर२ या जनुकाचा पत्ता १७ क्यू २१ दिसतो आणि आता १७ क्यू १२ लिहितात, त्याचं कारण हेच. जनुक जागचं हललेलं नाही. पट्ट्यांच्या सीमाच मुळात डोळ्यांनी ठरवलेल्या आहेत.

प्रश्न: जीनोमचं वाचन २००० नंतर झालं. मग एबीएल ९ वर आहे हे १९८२ मध्ये कसं कळलं? (जीवशास्त्राचे शिक्षक)

संकरित पेशींमुळे. माणसाची पेशी आणि उंदराची पेशी पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा सेंदाई विषाणूच्या मदतीने एकत्र जुळवली, की अशा संकरित पेशीतून पुढच्या विभाजनांत माणसाची गुणसूत्रं एकेक करून गळतात. उंदराची टिकतात. कोणती गळतील आणि कोणती उरतील याला नेम नसतो, आणि सगळी पद्धत उभी आहे ती याच गळतीवर. एका क्लोनमध्ये (एकाच संकरित पेशीपासून वाढलेल्या पेशींच्या गटात) ३, ९ आणि १७ उरतात, दुसऱ्यात ८ आणि २२. प्रत्येक क्लोनमध्ये कोणती मानवी गुणसूत्रं उरली ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, त्याच क्लोनच्या डीएनएत हवं ते जनुक आहे का ते सदर्न ब्लॉटने (जनुकाच्या हाताशी असलेल्या तुकड्याने डीएनएत ते शोधण्याच्या पद्धतीने) तपासायचं आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे. ज्या गुणसूत्राचं असणं-नसणं जनुकाच्या असण्या-नसण्याशी प्रत्येक क्लोनमध्ये जुळतं, ते जनुक त्या गुणसूत्रावरचं.

हिशेबाने पाच क्लोन पुरावेत. पाच जागी ‘आहे किंवा नाही’ अशा ३२ वेगळ्या खुणा तयार होतात आणि ओळखायची गुणसूत्रं २४ प्रकारची: १ ते २२, एक्स आणि वाय. प्रत्यक्षात पंधरा-वीस क्लोन घ्यावे लागतात, कारण तक्ता कधीच इतका स्वच्छ येत नाही. एखादं गुणसूत्र दहापैकी दोनच पेशींत असतं. मग त्याला ‘आहे’ म्हणायचं की ‘नाही’? एखादं गुणसूत्र तुटून त्याचा तुकडा उंदराच्या गुणसूत्राला चिकटतो आणि डोळ्यांना दिसतच नाही, ब्लॉटवर मात्र जनुक हजर असतं. शिवाय तेच जनुक उंदरातही असतं. म्हणून आधी असं कर्तन-विकर निवडायचं, की त्याने कापल्यावर माणसाचा आणि उंदराचा तुकडा वेगळ्या लांबीचा पडेल. नाहीतर प्रत्येक क्लोनमध्ये जनुक ‘आहे’ असंच दिसतं.

आणखी एक अडचण वर्गात सांगण्यासारखी आहे. संकरित पेशी वेगळ्या काढायला हॅट हे माध्यम वापरतात. उंदराच्या पेशीत थायमिडीन कायनेज नसेल तर ती या माध्यमात मरते. संकरित पेशी जगते ती माणसाकडून आलेल्या थायमिडीन कायनेजवर. हे जनुक १७ वर आहे. म्हणजे अशा पद्धतीने निवडलेल्या प्रत्येक क्लोनमध्ये १७ चा तो भाग असणारच. सगळ्याच क्लोनमध्ये जे आहे, त्यावर काही पडताळता येत नाही. मग १७ वरच्या जनुकासाठी निवडीची दुसरी पद्धत लागते.

एबीएलचं उदाहरण याच पद्धतीतलं सर्वांत सुंदर आहे. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी रंगवलेल्या पट्ट्यांवरून दाखवलं, की २२ चा गेलेला तुकडा हरवलेला नाही, तो ९ च्या टोकाला बसला आहे. पण ९ वरूनही काही २२ वर गेलं का? सूक्ष्मदर्शकाने ते ठरेना, तो तुकडा फार लहान. १९८२ मध्ये रुग्णाच्या पेशींपासून असे संकरित क्लोन मिळवले, ज्यांत आखूड झालेलं २२ होतं आणि ९ नव्हतं, बदललेलंही नव्हतं. त्या क्लोनमध्ये मानवी एबीएल सापडलं. नसलेल्या ९ वरचं जनुक हजर, म्हणजे ते २२ वर आलेलं. सूक्ष्मदर्शकाला न दिसलेली अदलाबदल अशी सिद्ध झाली.

प्रश्न: पण बीआरसीए१ शोधताना हाताशी जनुकाचा तुकडाच नव्हता ना? मग काय तपासलं?

बरोबर, म्हणून तिथे कुटुंबं तपासली. गुणसूत्रावरची खूण आणि रोग एकाच कुटुंबात पिढ्यान् पिढ्या बरोबर उतरत असतील, तर रोगाचं जनुक त्या खुणेजवळ असणार. जवळीक किती पक्की हे लॉड स्कोअरने सांगतात. ३ म्हणजे जवळीक असण्याच्या बाजूने हजारास एक. मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने १९९० मध्ये २३ कुटुंबांतल्या स्तनाच्या कर्करोगाच्या १४६ रुग्णांवरून १७ क्यू २१ ही जागा दाखवली. गाठ सुटली ती रुग्णांच्या वयामुळे. स्तनाचा कर्करोग उतारवयात आनुवंशिक कारण नसतानाही होतो, आणि असे रुग्ण हिशेबात मिसळले की खूण पुसट होते. लहान वयात रोग झालेली कुटुंबं वेगळी काढल्यावर स्कोअर स्पष्ट वर आला. तरी त्या जागेतून नेमकं जनुक हाती यायला १९९४ उजाडलं.

प्रश्न: बॅक क्लोनपासून स्वतः प्रोब बनवून, सामान्य रक्ताच्या मेटाफेजवर फिश करून १७ क्यू १२ दाखवायचं आहे. कधी सगळीकडे ठिपके चमकतात, कधी काहीच दिसत नाही, आणि गुणसूत्रं फुगून पोकळ दिसतात. (एमएस्सीची विद्यार्थिनी)

इतर वाचकांसाठी आधी शब्द: बॅक क्लोन म्हणजे जिवाणूत वाढवलेला डीएनएचा लांब तुकडा, प्रोब म्हणजे त्यापासून बनवलेला चमकणारा डीएनए, मेटाफेज म्हणजे विभाजनात गुणसूत्रं आखडून स्पष्ट दिसतात ती अवस्था, आणि फिश म्हणजे प्रोब गुणसूत्राला जोडून जनुकाची जागा चमकताना पाहणं. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, एकाच वेळी सगळं बदलू नका.

गुणसूत्रं फुगणं आधी. डीएनएचे धागे सुटे करताना उष्णता जास्त झाली की असं होतं. स्लाइड ७० टक्के फॉर्मामाइड आणि २ पट एसएससी (क्षारांचं द्रावण) यांच्या द्रावणात ७२ ते ७३ अंशांवर दोन मिनिटं ठेवून सुरुवात करा. जुन्या, वाळून कडक झालेल्या स्लाइडला चार-पाच मिनिटंही लागू शकतात, ताज्या स्लाइडला तेवढी सोसत नाहीत. तापमान पाण्याच्या टाकीत न मोजता कॉप्लिन जारच्या आत थर्मामीटर बुडवून मोजा; दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो. प्रत्येक थंड स्लाइड आत टाकली की जार साधारण एक अंशाने उतरतो, म्हणून एका वेळी चारपेक्षा जास्त नकोत. बाहेर काढताच बर्फावर गार केलेल्या ७० टक्के इथेनॉलमध्ये, मग ८५ आणि १०० टक्क्यांत, प्रत्येकी दोन मिनिटं. इथे दिरंगाई झाली तर सुटे झालेले धागे पुन्हा आपसांत जुळतात आणि प्रोबला जागा उरत नाही. ‘काहीच दिसत नाही’चं हे एक नेहमीचं कारण. फॉर्मामाइड गर्भाला घातक आहे. ते कायम धुराड्याखाली आणि हातमोजे घालूनच हाताळा.

आता सगळीकडे चमकणारे ठिपके. इथे दोन प्रकार ओळखायला शिका. ठिपके गुणसूत्रांवरच असतील आणि सगळ्याच गुणसूत्रांवर असतील, तर कॉट-१ डीएनए (पुनरावृत्तीच्या क्रमांचा, न चमकणारा डीएनए) कमी पडतोय. तुमच्या बॅक क्लोनमधल्या १०० ते २०० हजार बेसमध्ये जीनोमभर पसरलेले पुनरावृत्तीचे क्रम असतातच. कॉट-१ त्यांना आधीच झाकतो. एका स्लाइडला १०० ते २०० नॅनोग्रॅम प्रोब असेल तर कॉट-१ त्याच्या निदान दहापट घ्या, गरज पडली तर पन्नासपट. प्रोब ७५ अंशांवर पाच मिनिटं सुटा केल्यावर तो ३७ अंशांवर वीस-तीस मिनिटं ठेवायला विसरू नका. झाकण्याचं काम त्याच वेळात होतं. प्रोब थेट स्लाइडवर ओतला तर कॉट-१ घालूनही उपयोग नाही. ठिपके गुणसूत्रांबाहेर काचेवरही असतील, तर दोष प्रोबच्या तुकड्यांच्या लांबीत. निक ट्रान्सलेशननंतर (प्रोबला रंग जोडण्याच्या पायरीनंतर) थोडा नमुना जेलवर चालवून पाहा. तुकडे २०० ते ५०० बेसचे हवेत. लांब राहिले तर काचेला चिकटून चांदण्यांसारखे चमकतात, फार आखूड झाले तर धुण्यातच निघून जातात आणि संकेत मिळत नाही.

जोडणीचं मिश्रण ५० टक्के फॉर्मामाइड, १० टक्के डेक्स्ट्रान सल्फेट आणि २ पट एसएससी. २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली १० मायक्रोलिटर पुरे. बुडबुडा राहू देऊ नका, कडा रबर सिमेंटने बंद करा, ओलसर डब्यात ३७ अंशांवर सोळा तास. पहिलं धुणं ०.४ पट एसएससीत, ०.३ टक्के एनपी-४० घालून, ७२ अंशांवर दोन मिनिटं. पार्श्वभूमी मळकट राहिली तर वेळ वाढवण्याआधी जारचं तापमान पुन्हा तपासा.

शेवटी पत्ता कधी मान्य करायचा. मेटाफेजमध्ये प्रत्येक गुणसूत्राचे दोन धागे असतात आणि जोडीतली गुणसूत्रं दोन. म्हणजे नीट संकेत हा चार ठिपक्यांचा. एकटादुकटा ठिपका मोजू नका. १७ च्या गुणसूत्रबिंदूचा दुसऱ्या रंगाचा प्रोब त्याच स्लाइडवर लावा, म्हणजे ‘हे १७च कशावरून’ हा प्रश्न उरत नाही. निदान वीस मेटाफेज मोजा. दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर सातत्याने संकेत येत असेल तर घाईने कचरा म्हणून सोडू नका. क्लोन मिश्र असू शकतो, किंवा जनुकाचं छद्मरूप, म्हणजे निकामी नक्कल, दुसरीकडे असू शकतं: पीटीईएन १० क्यू २३ वर आहे आणि त्याचं छद्मजनुक ९ च्या आखूड भुजेवर. १३, १४, १५, २१ आणि २२ यांच्या आखूड भुजा एकदम चमकल्या तर मात्र समजा, की तिथल्या सामाईक पुनरावृत्ती झाकायच्या राहिल्या.

प्रश्न: ल्युकेमियाच्या रुग्णाचा अस्थिमज्जेचा नमुना पाठवला, ‘विभाजनातल्या पेशी मिळाल्या नाहीत’ असं उत्तर आलं. काय चुकलं असेल?

बहुतेक वेळा नळी. गुणसूत्रांच्या तपासणीला पेशी जिवंत लागतात, त्यासाठी सोडियम हेपॅरिनची नळी. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पेशींना ते फार वेळ मानवत नाही. डीएनएच्या चाचणीला मात्र ईडीटीएच बरं, कारण हेपॅरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीला) अडथळा करतं. दोन्ही चाचण्या करायच्या तर दोन नळ्या. दुसरं म्हणजे मज्जेचा पहिला उपसा गुणसूत्रांसाठी ठेवा, नंतरच्या उपशांत साधं रक्त जास्त मिसळतं. नमुना गोठवू नका.

प्रयोगशाळेतही एक चूक होऊ शकते. सामान्य रक्ताच्या संवर्धनात पीएचए घालून ७२ तास ठेवतात. पीएचएने टी पेशी विभाजित होतात, आणि मायलॉइड ल्युकेमियात त्या बहुधा निरोगीच असतात. त्या संवर्धनात सुबक मेटाफेज मिळतील, ४६ गुणसूत्रं व्यवस्थित दिसतील आणि रोगच निसटेल. मज्जेचं संवर्धन पीएचएशिवाय, थेट किंवा २४ तासांचं करायचं.

प्रश्न: कर्करोगाशी संबंधित जनुकं कोणत्या गुणसूत्रावर सर्वांत जास्त?

मोठ्या गुणसूत्रांवर जनुकंच जास्त, म्हणून ही जनुकंही जास्त. पण दाटी पाहायची तर १७ कडे पाहा. जेमतेम ८.३ कोटी बेसचं गुणसूत्र, आणि त्यावर टीपी५३, एनएफ१, एचईआर२, आरएआरए आणि बीआरसीए१ अशी पाच नामांकित जनुकं.

प्रश्न: न्यूरोब्लास्टोमाच्या (लहान मुलांमधल्या एका कर्करोगाच्या) अहवालात एमवायसीएनच्या प्रती वाढल्याचं लिहिलंय. पुस्तकात जागा २ पी २४ आहे. वाढलेल्या प्रती तिथेच असतात का?

बहुधा नाही. २ पी २४ ही जनुकाची मूळ जागा. वाढलेल्या प्रती एक तर गुणसूत्रांबाहेर सुट्या, जोडठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या लहान वर्तुळाकार डीएनएत असतात, किंवा भलत्याच गुणसूत्रात एकसारख्या रंगाचा लांब पट्टा होऊन बसतात. सुट्या प्रतींना गुणसूत्रबिंदू नसतो, त्यामुळे विभाजनात त्या दोन पेशींत समान वाटल्या जात नाहीत. एका पेशीत पुष्कळ, शेजारच्या पेशीत थोड्या, असं चित्र दिसतं ते त्यामुळे. ती मोजणीतली चूक नव्हे. फिशमध्ये २ च्या गुणसूत्रबिंदूचा प्रोब शेजारी लावतात तो यासाठीच, की अख्खं गुणसूत्र २ वाढलंय की फक्त हे जनुक, ते वेगळं करता यावं.

प्रश्न: बीआरएएफ व्ही६००ई या एकाच बदलाची जागा एका अहवालात १४,०४,५३,१३६ आणि दुसऱ्यात १४,०७,५३,३३६ आहे. शिवाय एकात ‘ए ऐवजी टी’ आणि दुसऱ्यात ‘टी ऐवजी ए’. कुठला अहवाल चुकीचा?

दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा संदर्भ जीनोमच्या (तुलनेसाठी धरलेल्या नमुना क्रमाच्या) ३७ व्या आवृत्तीतला, दुसरा ३८ व्या. २०१३ च्या शेवटी आलेल्या ३८ व्या आवृत्तीत आधीच्या रिकाम्या जागा भरल्या, काही तुकडे सुधारले आणि पुढचे आकडे सरकले. गुणसूत्र ७ वरच्या या ठिकाणी सरक ३,००,२०० ची. बीआरसीए१जवळ ती साडेअठरा लाखांच्या घरात जाते. म्हणून ठरावीक आकडा मिळवून-वजा करून रूपांतर करू नका, त्यासाठी असलेलं साधनच वापरा.

अक्षरांचा घोळ धाग्याचा आहे. बीआरएएफ उलट्या धाग्यावर वाचलं जातं. जीनोमच्या पट्टीवर जिथे ए चा टी झाला, तिथे जनुकाच्या वाचनात टी चा ए दिसतो. पडताळा हाताने घेता येतो. बदल जनुकाच्या वाचनात १७९९ व्या बेसवर आहे. पहिले ५९९ कोडॉन (तीन-तीन बेसचे गट) १७९७ बेसवर संपतात, म्हणजे ६०० वा कोडॉन १७९८ ते १८०० आणि १७९९ हा त्याचा मधला बेस. जीटीजीचा जीएजी होतो, व्हॅलीनच्या जागी ग्लुटामिक आम्ल येतं. २००२ च्या मूळ शोधनिबंधात हाच बदल व्ही५९९ई म्हणून छापला आहे, कारण तेव्हाच्या संदर्भ क्रमात एक कोडॉन कमी होता. जुना संदर्भ शोधताना ते नावही टाकून पाहा. आणि दोन प्रयोगशाळांना पत्र लिहिताना आकड्याआधी जीनोमची आवृत्ती, ट्रान्सक्रिप्टचा (जनुकावरून उतरवलेल्या प्रतीचा) क्रमांक आणि धागा या तीन गोष्टी लिहा.